उतरता आकडा

दार उघडलं नाही, एवढंच झालं. दवाखान्याचं दार काचेचं, जाड, उभ्या दांड्याच्या मुठीचं, त्यावर 'ढकला' असं लिहिलेलं. ही पुढे होती आणि मी दोन पावलं मागे, हातात तिच्या रिपोर्टांची फाइल घेऊन. तिने दार ढकललं, ते जागचं हललं नाही. मग तिने खांदा लावला. मला वाटलं आतून कडी असेल, आणि मी तसं म्हणालोसुद्धा, "अगं, वेळ व्हायचीय, उघडलं नसेल अजून." तेवढ्यात मागून एक बाई आली, काखेत पर्स, एका हातात फोन, आणि मोकळ्या हाताच्या चार बोटांनी तिने ते दार लोटलं आणि आत निघून गेली. ही बाजूला झाली. "मी भलतीकडूनच ढकलत होते वाटतं," असं म्हणून हसली. मीही हसलो. ती भलतीकडून ढकलत नव्हती, मी पाहिलं होतं. पण आम्ही दोघांनी ते कारण मान्य केलं, आत जाऊन रांगेतल्या खुर्च्यांवर बसलो, आणि बसल्यावर मी फाइल पुन्हा उघडून बघू लागलो. का, ते कळेना. फाइलमध्ये तर सगळं चांगलंच होतं.

ही म्हणजे माझी बायको. एकतीस वर्षं ती मुलींच्या शाळेत खेळाची बाई होती. तरुणपणी गोळाफेकीत तिने बक्षिसं मिळवली होती, आणि पुढेही मैदानावर मुलींना दाखवायची वेळ आली की तो लोखंडी गोळा मानेशी धरून, कंबरेतून वळून अशी काही फेकायची की पोरी दोन पावलं मागे सरायच्या. पाठीमागे तिला 'तोफ' म्हणायच्या. तिला ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं. आम्ही या घरात राहायला आलो त्या दिवशी कपाट जिन्यात अडकलं. मी एका कोपऱ्याला धरून घाम गाळत होतो, तर ही म्हणाली, "अहो, तुम्ही जरा बाजूला व्हा, मध्ये येताय." आणि हमालाबरोबर तिने ते वर नेलं. मी मागून तिची चप्पल घेऊन चढलो. हा किस्सा ती पुढची कित्येक वर्षं कुणालाही सांगायची, आणि मी दर वेळी नव्याने ओशाळल्यासारखं करायचो. खरं तर मला अभिमान वाटायचा. मी स्वतः काटकुळा माणूस. माझं काम वजनमापांचं होतं. दुकानादुकानांतून हिंडून तराजू तपासायचे, वजनं आमच्या प्रमाण वजनांशी ताडून बघायची, बरोबर असली तर शिक्का मारायचा, नसली तर जप्त करायची. वजनाच्या बुडाला पोखरून मेण भरलेलं मी बघितलंय, पारड्याखाली चिकटवलेलं चुंबक बघितलंय, वाऱ्याने हलतोय असं दाखवत करंगळीने दाबलेलं पारडं तर रोजचंच. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तरी अजून दुकानात शिरलो की मालाआधी माझी नजर काट्याकडे जाते.

सहा वर्षांपूर्वी तिच्या मूत्रपिंडांचं दुखणं निघालं. जुन्या डॉक्टरांनी चिठ्ठीच्या पाठीवर चित्र काढून समजावलं. रक्तात क्रिएटिनिन नावाचा एक टाकाऊ पदार्थ असतो, मूत्रपिंडं तो गाळून बाहेर काढतात. ती थकली की तो रक्तात साठतो, म्हणून आकडा चढतो. आकडा चढला की वाईट, उतरला की चांगलं. त्या आकड्यावरून, वयावरून, एक हिशोब करून मूत्रपिंडं किती टक्के काम करतात तेही काढता येतं. माझ्यासारख्या माणसाला याहून सोपं कोण काय सांगणार? आयुष्यभर ज्याने काट्यावर विश्वास ठेवला, त्याच्या हातात बायकोचं दुखणं काट्याच्या रूपाने आलं. मला त्या दिवशी भीती वाटायच्या ऐवजी धीरच आला, हे आज सांगायला लाज वाटते.

चौदा महिन्यांपूर्वी आकडा दोन पूर्णांक दोनवर गेला. टक्केवारी पंचवीस. जुन्या डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, प्रथिनं जपून खायची, दिवसाला पंचेचाळीस ग्रॅमच्या आसपास, म्हणजे मूत्रपिंडांवरचा भार कमी होईल. दुसरी, पुढेमागे रक्त यंत्रातून शुद्ध करून घ्यायची पाळी येईल, त्यासाठी हातातल्या दोन रक्तवाहिन्या जोडायचं छोटं ऑपरेशन आताच करून ठेवायचं. ती जोड तयार व्हायला महिने लागतात, ऐनवेळी केली तर उपयोग नाही. पहिली गोष्ट मी त्याच संध्याकाळी अमलात आणली. छोटा काटा आणला, ग्रॅमपर्यंत दाखवणारा, आणि अर्थातच तो आणल्या आणल्या तपासला. तो बरोबर होता. मग स्वयंपाकघरात एक वही टांगली. तांदूळ किती, दूध किती, पावाचा तुकडा किती, प्रत्येकात प्रथिनं किती. ही पारड्यातल्या भाताकडे बघून म्हणायची, "एक शीत खाली पडलंय साहेब, पंचनामा करा." किंवा, "माझ्या कपाळावर शिक्का मारून टाका एकदाचा, म्हणजे रोज तपासायला नको." मी हसायचो आणि शीत उचलून परत पारड्यात ठेवायचो.

पंचेचाळीसचे तीस मी केले. डॉक्टरांनी नव्हे, मी. आमच्या कामात एक नियम होता. अगदी काटेकोर काहीच नसतं, प्रत्येक वजनात केसभर चूक निघतेच, तेवढी माफ असते. पण ती एकाच बाजूला माफ असते. किलोचं वजन किलोपेक्षा चिमूटभर जड निघालं तर शिक्का मिळतो, चिमूटभर हलकं निघालं तर नाही. चूक व्हायचीच असेल तर ती गिऱ्हाइकाच्या फायद्याची व्हावी. तीस वर्षं हे माझ्या हाताच्या नसांत मुरलेलं. मग मी घरी तेच केलं. पंचेचाळीस म्हणजे जास्तीत जास्त पंचेचाळीस, असं मी धरलं, आणि आपली मोजण्यात चूक होऊ शकते म्हणून चाळीस ठेवले. आकडा दोनवर आला. मला वाटलं, ज्या बाजूला झुकल्याने फायदा होतोय त्याच बाजूला आणखी झुकू. पस्तीस केले. एक पूर्णांक नऊ. मग तीस. एक पूर्णांक सात. आणि शेवटी, दार न उघडलेल्या त्या दिवशी फाइलमध्ये होता तो दीड. टक्केवारी चाळीसच्या घरात. मी आलेख काढला होता, चौकटीच्या कागदावर, निळ्या शाईने, आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर वहीशेजारी लावला होता. रेघ जिन्यासारखी खाली उतरत होती. दर महिन्याला त्याचा फोटो लेकीला पाठवायचो. ती दूरच्या शहरात नोकरी करते. ती लिहायची, 'बाबा, तुम्ही कमाल आहात.' हे मी दोन-दोनदा वाचायचो.

आणि ऑपरेशन मी टाळलं. तेही मीच. जुन्या डॉक्टरांसमोर आलेख उलगडला आणि म्हणालो, आकडा उतरतोय तर चांगल्या हातावर सुरी कशाला? ते निवृत्तीच्या घाईत होते, कपाटं रिकामी करत होते. बराच वेळ कागदाकडे बघून म्हणाले, "बरं, उतरतोय खरा. थांबू मग." ही त्या वेळी माझ्याशेजारी बसली होती. बाहेर आल्यावर तिने माझा हात दाबला. मला आठवतं, तेव्हा मला तो दाब अगदी हलका लागला होता. मी समजलो, तिला भरून आलंय.

काय काय समजलो मी. तिच्या घड्याळाचा पट्टा सैल झाला, मी घरच्या टोच्याने त्याला नवं भोक पाडलं. दोन महिन्यांनी आणखी एक पाडलं. भोक सरळ रेषेत आलं म्हणून मला समाधान वाटलं. ती जिन्यात मधल्या मजल्यावर थांबून शेजारणीशी गप्पा मारू लागली. मला वाटलं, निवृत्तीनंतर माणसाला माणसं लागतात. वजन मी दर रविवारी सकाळी घेत होतो, मग सुटेल कसं? चौदा महिन्यांत चार किलो. एवढं तर कुणाचंही उतरतं. पाय सुजायचे, तेव्हा चपलेचा पट्टा बदलून आणला. एकदा दुपारी मी पेपर आणायला म्हणून खाली गेलो आणि चष्मा विसरलो म्हणून परत वर आलो. ही ओट्याकडे तोंड करून, माझ्याकडे पाठ करून उभी होती आणि खांदे हलत होते. मला वाटलं रडतेय. जवळ गेलो तर उकडलेलं अंडं खात होती, घाईघाईने, मीठसुद्धा न लावता. मी नुसता हात पुढे केला, दुकानदारापुढे करायचो तसा, तळवा वर. तिने अर्धं उरलेलं अंडं माझ्या तळव्यावर ठेवलं. तोंडातलं गिळावं की नाही असं तिला झालं असावं, कारण ती तशीच थांबली, गाल फुगवून, आणि मग गिळलं. "सॉरी हो," म्हणाली. एकतीस वर्षं जिच्या शिट्टीवर दोनशे मुली जागच्या जागी थांबायच्या, ती मला सॉरी म्हणाली. मी वहीत तीन ग्रॅम लिहिले आणि संध्याकाळच्या दुधातून ते वजा केले. त्यानंतरच्या तपासणीत आकडा आणखी उतरला, आणि मला वाटलं होतं की मी कडक वागलो ते बरंच झालं.

तर त्या दिवशी आत नवी डॉक्टर होती. तरुण, बारीक आवाजाची, केस घट्ट बांधलेली. मी आलेख पुढे केला. तो बघून जुन्या डॉक्टरांसारखं ती काही म्हणाली नाही. तिने तो उलटा करून टेबलावर ठेवला आणि हिच्या दंडाला हात लावला, अंगठा आणि मधलं बोट यांत तो मावतो का बघावं तसा. मावला. मग म्हणाली, "काकू, हात छातीशी बांधा आणि खुर्चीतून उठून दाखवा. पाच वेळा." ही हसली. "अहो, मी पोरींना शंभर-शंभर बैठका काढायला लावायची." पहिल्यांदा उठली. दुसऱ्यांदा उठताना पुढे झोकांडी घेतली. तिसऱ्यांदा खुर्चीपासून वीतभर वर आली आणि तिथेच राहिली, मांड्या थरथरायला लागल्या, आणि परत खाली बसली. "आज उपाशीपोटीच आलेय ना," ती माझ्याकडे बघत म्हणाली, जणू मला उत्तर द्यायचं होतं. डॉक्टरने विचारलं, काय खाता? मी वही काढली आणि वाचायला लागलो. सोमवार, मंगळवार. डॉक्टरचं पेन सुरुवातीला चालत होतं, मग थांबलं. बुधवारपर्यंत वाचल्यावर ती म्हणाली, "पुरे काका." क्रिएटिनिन पुन्हा बघायला सांगितलं आणि सोबत आणखी एक तपासणी लिहून दिली. सिस्टॅटिन सी. मी कधी ऐकली नव्हती. घरी जाताना रिक्षात मी हिला म्हणालो, नव्या डॉक्टरांना नव्या तपासण्यांची हौस असते.

रिपोर्टला आठ दिवस लागणार होते. ते दिवस मी नेहमीसारखेच काढले, वजन करून. पण ते दार डोक्यातून जात नव्हतं. मी बिल्डिंगचं फाटक ढकलताना हाताला किती जोर लागतो ते बघू लागलो. पोस्टाचं दार, बँकेचं दार. कुठेच काही विशेष जोर लागत नव्हता. हिच्याकडे बघायचो तर ती खिडकीशी बसून लेकीसाठी विणत असायची, आणि सुया मध्येच मांडीवर ठेवून हात चोळायची. एकदा मी विचारलं, "दुखतंय का?" तर म्हणाली, "छे, दुखायला काय झालंय. आकडा बघा की तुमचा."

रिपोर्ट घ्यायला मी एकटा गेलो. ती म्हणाली, जाऊन या, मला जिना नको वाटतोय आज. डॉक्टरने मला समोर बसवलं आणि दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. एका कागदावर चाळीस टक्के, दुसऱ्यावर सोळा. एकाच बाईचे, एकाच दिवशी काढलेल्या रक्ताचे. मी अर्थातच आधी तेच विचारलं जे मला विचारता येतं. म्हणालो, प्रयोगशाळेच्या यंत्राची शेवटची तपासणी कधी झाली होती? कुणी केली होती? तिने माझ्याकडे बघितलं. रागावली नाही. "यंत्र बरोबर आहे काका. तुमचा दीड हा आकडाही बरोबरच आहे." मग सावकाश सांगितलं. क्रिएटिनिन कुठून येतं? स्नायूंतून. स्नायू रोज थोडे झिजतात, त्यातून ते तयार होतं. म्हणून रक्तात ते किती, हे दोन गोष्टींवर ठरतं. मूत्रपिंडं किती गाळतात, आणि स्नायू किती बनवतात. अंगावरचं मांसच गेलं तर ते बनतच नाही, मग रक्तात कमी दिसतं. मूत्रपिंडं सुधारली म्हणून नाही. "काकूंचे स्नायू गेलेत. चार किलोच वजन उतरलं म्हणता, पण ते पाणी साठलंय म्हणून. खरे दहा-अकरा गेले असतील." आणि सिस्टॅटिन? ते शरीरातल्या सगळ्याच पेशी सोडतात, मांस किती आहे याच्याशी त्याचं फारसं देणंघेणं नाही. "म्हणून अशा पेशंटमध्ये दोन्ही बघायचे असतात. खरं तर आधीच बघायला हवं होतं." ती 'बघायला हवं होतं' म्हणाली, कुणी ते म्हणाली नाही. चांगल्या घरची मुलगी असावी.

मी विचारलं, "म्हणजे ती उपाशी राहिली म्हणून आकडा उतरला?" तिने दोन्ही कागद एकावर एक ठेवले. "आजारही खातो स्नायू," म्हणाली. "सगळं तुमच्यामुळे झालं असं नाही." मला हे ऐकायचं नव्हतं. तिने हो म्हणावं असं मला वाटत होतं. मग पुढचं बोलली. हाताचं ऑपरेशन आता लगेच, याच आठवड्यात. जोड तयार व्हायला दोन-तीन महिने, पण शिरा बारीक झाल्यात, लागेल की नाही सांगता येत नाही. मूत्रपिंडांना किती वेळ आहे? सहा महिने, फार तर आठ. आणि जेवण वाढवा, आहारतज्ज्ञ लिहून देतील तसं, हळूहळू, पण आजपासून. नाहीतर यंत्रावर घ्यायची वेळ येईल तेव्हा अंगात सोसायची ताकद उरायची नाही. मी सगळं वहीत लिहून घेतलं. हात नेहमीसारखाच चालत होता, अक्षरसुद्धा बिघडलं नाही.

बाहेर पडलो आणि चालत निघालो. रिक्षा केली नाही. मला एक म्हातारी आठवली, पंधरा-वीस वर्षांपूर्वीची. तिने एका साखरवाल्याची तक्रार केली होती, माल कमी भरतो म्हणून. मी गेलो, तराजू तपासला, वजनं ताडली, सगळं केसाएवढंही इकडे-तिकडे नाही. तसा शेरा लिहिला. म्हातारी म्हणाली, अहो, पण साखर ओली करून विकतोय तो, हात लावून तर बघा. मी तिला सांगितलं, "आजी, मी काटा तपासतो, माल नाही." माझ्या कार्यकक्षेच्या हिशोबाने हे अगदी योग्य उत्तर होतं. वरिष्ठांनीही तेच दिलं असतं. म्हातारी तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलत गेली. त्या रस्त्यावर, भर दुपारी, माणसं अंगावरून जात असताना, मला एवढं रडू आलं की मी एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलो. बायकोच्या दंडाला चौदा महिन्यांत मी हात लावला नव्हता असं नाही. जिन्यात आधार दिला होता, अंगावर शाल घातली होती. हाताला कळलं असणारच. हाताने सांगितलं असणार आणि मी त्याला म्हणालो असणार, तू गप्प बस, आकडा दीड आहे.

कोंबडीवाल्याच्या दुकानात गेलो. चौदा महिन्यांत तिथे पाय ठेवला नव्हता. तो मला ओळखून एकदम ताठ झाला, पारडं पुसलं, काटा शून्यावर आला आहे हे मला दिसेल असा वळवला. मी म्हणालो, द्या अर्धा किलो, सूप करायचंय. त्याने तोललं आणि वाट बघत थांबला. "साहेब, बघून घ्या." मी म्हणालो, असू दे, असेल बरोबर. तो घाबरला. त्याला वाटलं असावं की आता काहीतरी मोठंच निघणार. त्याने आणखी दोन तुकडे टाकले आणि पिशवी माझ्या हातात दिली.

घरी आलो तेव्हा ती खिडकीशीच होती. पिशवीकडे बघून म्हणाली, "हे काय? दिवाळं काढलंत की काय नियमांचं?" मी तिच्यासमोर स्टुलावर बसलो आणि सगळं सांगितलं. आधी आकडे सांगितले, कारण मला तिथूनच सुरुवात करता येते. मग बाकीचं. काहीही गाळलं नाही. पंचेचाळीसचे तीस कोणी केले तेही सांगितलं, कारण तिला आजवर वाटत होतं की डॉक्टरांनीच तीस सांगितले आहेत. ती ऐकत होती. विणकाम मांडीवर होतं, तिने सुई टाक्यांतून काढली नव्हती.

"सोळा," ती म्हणाली. "मग चाळीस कुणाचे होते?"

"कुणाचेच नाहीत."

"बरं." मग म्हणाली, "मला वाटायचं मी आळशी झालेय. जिना चढताना मनाशी म्हणायची, चल गं, नाटकं करू नकोस, तुझी तब्येत सुधारतेय. पोरींना म्हणायची ना मी, तसंच. आकडा एवढा चांगला येतोय, तुम्ही एवढं करताय, मग कुरकुर कशाला करायची. स्वतःलाच नावं ठेवत होते हो मी वर्षभर."

मी म्हणालो, "मला बोल. रागाव माझ्यावर."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिचे डोळे मोठे दिसत होते. चेहरा लहान झाला होता म्हणून ते मोठे दिसत होते, हे मला तेव्हा कळलं. "रागवायचं तर आहे," ती म्हणाली. "पण त्यालासुद्धा अंगात जोर लागतो. उद्या बघू." आणि तिने विणकाम बाजूला ठेवलं.

मी स्वयंपाक केला. कोंबडीचं सूप, त्यात बटाटा, आणि मऊ भात. आलेख भिंतीवरच होता. तो फाडावा असं मनात आलं आणि मग वाटलं, फाडून काय होणार, तो खोटा नाही. भात वाढायला बसलो तर हात अडला. वजन न करता माणसाला किती वाढायचं असतं, हे मला आठवेना. लग्नाच्या आधी आई वाढायची, मग ही वाढायची, मग मी मोजून वाढलं. मी अंदाजाने वाढलं, खूपच झालं, डोंगर झाला, मग थोडं काढलं, परत घातलं. ती बघत होती. तिने चमचा घेतला आणि जेवायला लागली. पहिला घास, दुसरा. "चांगलं झालंय," म्हणाली. तिसरा घास तिने बराच वेळ तोंडात फिरवला. चौथ्याला चमचा ताटात टेकवून ठेवला.

"अजून घे," मी म्हणालो. "मांस घे ना. एवढा एक तुकडा."

"पुरे वाटतंय."

"अगं, चारच घास झाले. डॉक्टरने सांगितलंय, आजपासून." मी चमचा भरला आणि तिच्या तोंडाशी नेला. तिने तोंड उघडलं. चावलं. गिळताना तिच्या गळ्याच्या शिरा ताणल्या आणि डोळ्यांत पाणी आलं. मी पुढचा चमचा भरला. तिने पुन्हा तोंड उघडलं, लगेच, मी सांगायच्या आधी. आणि मला एकदम दिसलं की ती जेवत नव्हती. मी हात पुढे केला तेव्हा तिने अर्धं अंडं त्यावर ठेवलं होतं, तेच ती आताही करत होती. मी म्हणत राहिलो असतो तर तिने सगळं ताट संपवलं असतं, नंतर मोरीत जाऊन ओकली असती, आणि मला म्हणाली असती, बरं वाटतंय. मी चमचा खाली ठेवला.

"तुला भूक आहे का?" मी विचारलं.

चौदा महिन्यांत हा प्रश्न मी तिला एकदाही विचारला नव्हता. ती खरोखर विचार करू लागली, मान जराशी तिरकी करून, पोटावर हात ठेवून. मी वाट बघत राहिलो.

"माहीत नाही हो," ती म्हणाली. "आधी खूप लागायची. दुपारी तर अशी लागायची की डोळ्यांसमोर अंधारी यायची. मग मी पाणी प्यायची, खिडकीशी बसायची, विणायची. हळूहळू लागेनाशी झाली. मला वाटलं, चला, हेही जमलं." तिने ताट माझ्याकडे सरकवलं. "तुम्ही जेवा. सकाळपासून हिंडताय, पोटात काही नसेल."

मला भूक लागली होती. कडकडून लागली होती, आणि तिला ते दिसत होतं. मी तिच्या ताटातला भात खाल्ला, मांसाचे तुकडे खाल्ले, आणि ती हनुवटीखाली हात ठेवून मी सगळं संपवतो की नाही ते बघत बसली.